‘सावत्र’ या एका शब्दात हरवलेला फरक

‘इंग्रजी शिका’ छापाच्या पुस्तकांत नात्यांचा एक तक्ता हमखास असतो. स्टेपमदर म्हणजे सावत्र आई, स्टेपब्रदर म्हणजे सावत्र भाऊ आणि हाफब्रदर म्हणजे पुन्हा सावत्र भाऊच. इंग्रजी शब्द दोन, अर्थाच्या रकान्यात उत्तर एकच. पाठ करणाऱ्याला वाटतं की दोन्ही समानार्थी असतील. ते तसे नाहीत. गप्पांपुरता हा तक्ता चालून जाईल, पण संशोधनाची तयारी करणाऱ्याला तो चुकीच्या वाटेला लावतो.

आधी फरक बघू. हाफब्रदर म्हणजे ज्याची आई किंवा वडील, दोघांपैकी एकच जण आपल्याशी सामाईक आहे तो. स्टेपब्रदरच्या बाबतीत सामाईक कोणीच नसतं. माझ्या आईने त्याच्या वडिलांशी (किंवा माझ्या वडिलांनी त्याच्या आईशी) लग्न केलं, एवढाच संबंध. राम आणि भरत यांचे वडील एक, आया वेगळ्या, म्हणजे ते हाफब्रदर. कैकेयी मात्र रामाची स्टेपमदर. मराठीत दोन्हीकडे ‘सावत्र’.

आता ज्याला ब्लेंडेड फॅमिली म्हणतात ते घर डोळ्यासमोर आणा. आईच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुली, वडिलांच्या पहिल्या लग्नाचा एक मुलगा आणि या दोघांचं नवीन बाळ. त्या दोन मुली एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. त्या आणि तो मुलगा एकमेकांचे स्टेप. बाळ मात्र तिघांचंही हाफ. एकाच छपराखाली तीन प्रकारची भावंडं आहेत, आणि आपला तक्ता त्यातले दोन प्रकार एकाच डब्यात टाकतो.

इथे एक लोकप्रिय समजही तपासायला हवा. मराठीत चुलत, मामे, आते, मावस असे बारकावे आहेत आणि इंग्रजीत सगळे ‘कझिन’, म्हणून नात्यांच्या बाबतीत इंग्रजी गरीब, असं आपण ऐकत आलोय. चुलत-मामेपुरतं ते खरं आहे. पण कोणती भाषा कुठे बारीक कापते हे त्या समाजातल्या घरांवर ठरतं. ‘सावत्र’चं मूळ संस्कृत ‘सापत्न’मध्ये, म्हणजे सवतीशी जोडलेलं आहे. एका पुरुषाच्या अनेक बायका असलेल्या घरात मुलांचा बाप एकच असणार, त्यामुळे तिथला सावत्र भाऊ बहुतेक वेळा हाफब्रदरच. इंग्रजीतल्या ‘स्टेप’चं मूळ जुन्या इंग्रजीत आहे आणि तिथे त्याचा संबंध आई-बाप गमावण्याशी, पोरकेपणाशी होता. एक शब्द सवतीतून आला, दुसरा मृत्यूतून. आज घटस्फोटानंतर उभ्या राहिलेल्या घरांना दोन्ही शब्द उसनेच पडतात.

हा फरक फक्त परदेशी घरांचा आहे असंही नाही. आपल्याच 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात सख्खं रक्त, बाप एक पण आया वेगळ्या, आणि आई एक पण बाप वेगळे, अशा तीन व्याख्या स्वतंत्र दिल्या आहेत. बाकी नातं सारखंच असेल तर सख्ख्याला सावत्राच्या आधी वारसा मिळतो, हेही त्यात आहे. म्हणजे कायदा जे वेगळं मोजतो ते आपला तक्ता एकत्र करतो.

विज्ञानात तर याच फरकावर अख्खे अभ्यास उभे आहेत. सख्ख्या भावंडांत जनुकीय साम्य सरासरी 50 टक्के धरतात, हाफ भावंडांत 25 टक्के आणि स्टेप भावंडांत शून्य. घर मात्र तिघांचंही एकच असू शकतं. त्यामुळे स्वभावावर जनुकांचा परिणाम किती आणि घराचा किती, हे वेगळं काढायची सोय होते. अमेरिकेत डेव्हिड रीस, रॉबर्ट प्लोमिन आणि सहकाऱ्यांनी 720 कुटुंबांवर केलेल्या अभ्यासात जुळ्यांबरोबर सख्खी, हाफ आणि स्टेप भावंडंही याच हेतूने घेतली होती. ती प्रश्नावली मराठीत आणताना कोणी दोन्हींसाठी ‘सावत्र’ लिहिलं, तर 25 आणि शून्य एकाच रकान्यात जातील. पुढे कितीही भारी सॉफ्टवेअर वापरा, तो फरक परत मिळणार नाही. दवाखान्यातल्या कौटुंबिक इतिहासाच्या फॉर्मचंही तेच. ‘सावत्र भावाला मधुमेह आहे’ या उत्तरातून अनुवंशिक धोक्याबद्दल काहीच कळत नाही.

इंग्रजी शब्द पाठ केले की काम झालं, असंही नाही. अनेक घरांत हाफ किंवा स्टेप म्हणणं अपमानाचं वाटतं आणि लोक सरळ ‘ब्रदर’ सांगतात. मराठीत तर ‘सापत्न वागणूक’ हा शब्दप्रयोग रोजच्या बातम्यांत असतो. इतका डाग लागलेला शब्द प्रश्नात आला की उत्तर देणारा सावध होणारच. शिवाय हे शब्द कोणाच्या बाजूने मोजता यावरही अवलंबून असतात. अमेरिकेच्या 2010 च्या जनगणना फॉर्मवर प्रत्येकाचं नातं ‘पहिल्या व्यक्ती’शी विचारलं होतं. पहिल्या ओळीत आईचं नाव असेल तर मूल जैविक, सावत्र वडिलांचं असेल तर तेच मूल स्टेप. घर तेच, मूल तेच, आकडा वेगळा.

म्हणून प्रश्नावलीत नात्याचं नाव विचारण्याऐवजी ते नातं ज्यातून बनलं ते विचारा: तुमची आई एकच का? वडील एकच का? किती वर्षं एका घरात राहिलात? ही तीन उत्तरं मिळाली की नातं कोणत्या रकान्यात टाकायचं ते तुम्ही ठरवू शकता. आणि तो तक्ता सुधारायचाच असेल तर हाफब्रदरसमोर ‘एकच पालक सामाईक असलेला भाऊ’ आणि स्टेपब्रदरसमोर ‘सावत्र पालकाचा आधीचा मुलगा’ असं लिहा. पाठ करायला जड जाईल, पण डेटा खराब होणार नाही.