तिसरी चढाई आधी कोणी खेळून पाहिली?

७ ऑक्टोबर २०२३ला हांगझोऊत आशियाई स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना तासभर अडला, तो कोणी जखमी झालं म्हणून नव्हे. भारत-इराण २८-२८, शेवटचं मिनिट-दीड मिनिट बाकी आणि पवन सेहरावतची ‘करो या मरो’ चढाई. कोणाला स्पर्श न होताच तो राखीव क्षेत्रात, म्हणजे स्पर्श झाल्यावरच खुल्या होणाऱ्या कडेच्या पट्टीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही उतरले. आता बाद कोण? जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे असे उतरलेले सगळेच. प्रो कबड्डी लीगच्या नव्या नियमाप्रमाणे एकटा चढाईपटू, कारण चढाई तिथेच संपली. पंचांनी निर्णय दिला, मग फिरवला. खेळाडू मैदानातच ठाण मांडून बसले. अखेर भारत ३३-२९ जिंकला आणि सुवर्णपदकाच्या आनंदात आपण तो तास विसरून गेलो.

खरं तर नियम घडवणं ही स्वतंत्र कला आहे आणि आपल्याकडे तिची अवस्था फारशी बरी नाही. कागदावर चोख दिसणाऱ्या नियमातून सात तरबेज पोरं कोणती पळवाट काढतील, हे खेळल्याशिवाय कळत नाही. टेबलाभोवती बसून खेळायच्या कथाखेळांची मंडळी या बाबतीत शहाणी निघाली. १९७४ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची नवी आवृत्ती काढताना प्रकाशकांनी २०१२मध्ये कच्चे नियमच लोकांच्या हाती दिले. घरोघरी डाव मांडले गेले, लोकांनी तक्रारी कळवल्या, नियम बदलत गेले आणि पुस्तक आलं ते २०१४मध्ये.

योगायोग असा की त्याच २०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिचे नियम थेट दूरचित्रवाणीवर अवतरले. त्यातले काही उत्तम आहेत, हे मान्य करायलाच हवं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवा, नाहीतर बाद व्हा, या ‘करो या मरो’ अटीने निदान रेषा ओलांडून परत येणाऱ्यांचा वेळकाढूपणा बंद केला. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना केलेल्या ‘अव्वल पकडी’ला जादा गुण मिळू लागला आणि हरत आलेल्या संघाच्या अंगात पुन्हा वारं भरलं. तीस सेकंदांच्या मर्यादेबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. चढाई किती वेळ चालणार हे एकेकाळी छातीतला दम ठरवायचा, आता घड्याळ ठरवतं. ‘कबड्डी कबड्डी’चा उच्चार नियमात शिल्लक आहे, पण कान देऊन तो ऐकतो कोण?

हे नियम खरे तपासले गेले ते आमच्याकडे रायगडात, आणि तेही आपसूक. भात कापून शेतं मोकळी झाली की वडखळ नाक्यापासून पेण, अलिबाग, रोह्यापर्यंत प्रकाशझोतातल्या स्पर्धांचे फलक लागतात. रायगडला कबड्डीची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. मैदान मातीचं, रेषा फक्कीच्या. उत्तरार्ध सुरू होईपर्यंत बाजूची रेषा पावलांनी पुसली जाते. गडी आधी राखीव क्षेत्रात गेला की आधी स्पर्श झाला, हे पंचाने एका नजरेत ठरवायचं, चित्रफीत मागे नेऊन बघायची सोय नाही. मॅटवर, कॅमेऱ्यांच्या पहाऱ्यात सुचलेला राखीव क्षेत्राचा नियम इथे निराळाच नियम होतो. उलट तिसऱ्या चढाईला कसल्याही यंत्राची गरज नाही. टेबलावरचा गुणलेखक खुणा करत असतो आणि पंचाच्या आधी प्रेक्षकच ‘थर्ड रेड, थर्ड रेड’ म्हणून गिल्ला करतात. म्हणून तो नियम मातीत रुजला.

गावची मंडळं स्वतःही नियम करतात. साठ किलोचा वजनी गट ठेवतात, बाहेरचा खेळाडू नको म्हणून आधारकार्ड तपासतात, पहाटेच्या आत अंतिम सामना उरकावा म्हणून डाव आखूड करतात. ज्या अटीवरून भांडणं होतात ती पुढच्या वर्षी गुपचूप गळते. ही जाहीर चाचणीच झाली. फक्त तिची टिपणं कोणी ठेवत नाही आणि नियम करणारे ती मागतही नाहीत. (मागितली तर बक्षीस समारंभातल्या भाषणांवरही एखादी वेळमर्यादा सुचवली जाईल.)

पूर्वी नियम असे खेळूनच पारखले जायचे. १९२३मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने कबड्डीचे नियम छापले, पण संजीवनी, गामिनी आणि अमर हे तिन्ही प्रकार त्यानंतरही मैदानांवर खेळले जात होते. बाद गड्याला परत उठवणारी संजीवनी आज जगभर चालते, ती अशी वर्षानुवर्षं खेळून पारखलेली आहे. आता तसं होत नाही. खो-खोत २०२२च्या अल्टिमेट खो-खोने बालेवाडीत ‘वजीर’ आणला. दोन्ही दिशांना धावू शकणारा हा गडी मला आवडला, पण शाळेच्या मैदानावर तो कसा खेळतो हे आधी पाहिलं असतं तर बिघडलं नसतं.

२०२५च्या हंगामात प्रो कबड्डी लीगने साखळी सामन्यांतही बरोबरी मोडण्यासाठी पाच-पाच चढाया आणि तरीही ती न सुटल्यास ‘सुवर्ण चढाई’ आणली. असले बदल यापुढेही येत राहतील. राज्य संघटनेकडे एवढंच मागणं आहे: पुढचा नियम छापण्याआधी त्याचा कच्चा मसुदा एका हंगामासाठी रायगडच्या मंडळांना द्या, मातीवर खेळू द्या आणि रात्रभर शिट्टी फुंकणाऱ्या स्थानिक पंचांचं म्हणणं लेखी घ्या.