‘लव्ह’ या शब्दाचे यमक : इंग्रजी कवितेतील एका टंचाईचा विचार

इंग्रजी प्रेमकवितेची चर्चा करताना एक साधी भाषिक वस्तुस्थिती सहसा दुर्लक्षित राहते. ज्या शब्दाभोवती ही कविता शतकानुशतके फिरत आली, त्या ‘लव्ह’ या शब्दाला पूर्ण यमक देणारे इंग्रजी शब्द एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. ‘डव्ह’ म्हणजे कबुतर, ‘ग्लव्ह’ म्हणजे हातमोजा, ‘अबव्ह’ म्हणजे वर आणि ‘शव्ह’ म्हणजे ढकलणे, एवढे सांगितले की यादी जवळजवळ संपते. अमेरिकी उच्चारात ‘ऑव्ह’ हे अव्यय ‘अव्ह’ असे ऐकू येते. तेथील गीतकारांनी ओळ अव्ययावर संपवून त्याचा मनसोक्त लाभ घेतला आहे.

मराठी वाचकाला या टंचाईचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. ‘प्रेम’ या शब्दालाही ‘नेम’, ‘क्षेम’, ‘हेम’ यांपलीकडे फारसे सोबती नाहीत. परंतु मराठीत तो शब्द ओळीच्या शेवटी नुसता उभा राहतोच असे नाही. ‘प्रेमाने’, ‘प्रेमात’ अशी विभक्तीची रूपे होतात, आणि वाक्य बहुधा क्रियापदावर संपत असल्याने यमकाचा भार ‘येते’, ‘गाते’ यांसारख्या रूपांवर पडतो. म्हणूनच आपल्याकडे केवळ प्रत्ययाचे यमक हलके मानले गेले आणि मोरोपंतांच्या आर्येतील भरगच्च यमकांचे कौतुक झाले. इंग्रजीचे प्रत्यय काळाच्या ओघात बहुतांशी झडून गेले. तेथे कवीला उघड्या शब्दाशीच झुंजावे लागते.

या झुंजीचा परिणाम आशयावरही झाला. ‘लव्ह’ पाठोपाठ ‘अबव्ह’ आले की प्रेम आपोआप स्वर्गाकडे पाहू लागते. ठरावीक यमकांच्या या सवयीची अलेक्झांडर पोप याने १७११ मधील ‘अॅन एसे ऑन क्रिटिसिझम’ या पद्यनिबंधात थट्टा केली आहे. ‘ब्रीझ’ आली की पुढच्या ओळीत ‘ट्रीझ’ येणारच, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. अर्थात प्रेमकवितेतील प्रत्येक कबुतर यमकाच्या पोटी जन्मले असे मानणे अन्यायाचे होईल. रोमन पुराणकथांतील व्हीनसचा तो आवडता पक्षी आहे. हातमोज्याला मात्र असा पुराणाधार शोधणे कठीण आहे.

टंचाईतून सुटण्याचा जुना मार्ग म्हणजे ‘मूव्ह’ आणि ‘प्रूव्ह’. यांचे वर्णविन्यास ‘लव्ह’सारखे, उच्चार मात्र वेगळे. आपल्या महाविद्यालयीन अध्यापनात अशा जोड्यांना सरसकट ‘आय ऱ्हाइम’, म्हणजे केवळ डोळ्यांना दिसणारे यमक, असे म्हणून पुढे जाण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही प्रथा तपासून पाहिली पाहिजे, कारण तिच्यामुळे कवितेचा अर्थच बदलू शकतो.

शेक्सपिअरची सुनीते १६०९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ११६ व्या सुनीतात आरंभी ‘लव्ह–रिमूव्ह’ आणि अखेरच्या द्विपदीत ‘प्रूव्ड–लव्ड’ अशी जोडी येते. आजच्या कानाला ही द्विपदी विसंवादी वाटते. पण बेन जॉन्सन याच्या, मृत्यूनंतर १६४० मध्ये छापल्या गेलेल्या इंग्रजी व्याकरणात ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ हे शब्द ऱ्हस्व स्वराची उदाहरणे म्हणून एकत्र दिले आहेत. डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञाने शेक्सपिअरकालीन उच्चारांची पुनर्रचना करताना याच पुराव्याचा आधार घेतला. त्या स्वराच्या नेमक्या छटेविषयी मतभेद संभवतात; शेक्सपिअरला हे यमक पूर्ण ऐकू येत असावे, हा निष्कर्ष मात्र बळकट आहे. आता द्विपदीचा आशय पाहावा. आपले म्हणणे खोटे ठरले तर आपण कधी काही लिहिलेच नाही आणि कोणी कधी प्रेम केलेच नाही, अशी ती प्रतिज्ञा आहे. पूर्ण यमक त्या प्रतिज्ञेवर शिक्कामोर्तब करते. तेथे ‘आय ऱ्हाइम’ कल्पून कवीच्या मनात शंका होती असे सुचवणारी समीक्षा, नंतरच्या काळात बदललेल्या स्वराचे ओझे कवीच्या खांद्यावर टाकते.

याच्या शेजारी टेनिसनचे ‘इन मेमोरिअम’ (१८५०) ठेवले की भेद स्पष्ट होतो. त्याच्या प्रास्ताविक कवितेच्या पहिल्याच कडव्यात ‘लव्ह–प्रूव्ह’ हीच जोडी येते. पण दरम्यान दोन्ही शब्दांचे स्वर वेगळे झाले होते. टेनिसनला ही जोडी परंपरेने मान्य केलेली सवलत म्हणूनच मिळाली. १७७५ मध्ये जॉन वॉकर याने शब्दांच्या अखेरच्या अक्षरांनुसार कोश रचला, तेव्हा पूर्ण यमकांबरोबर ‘चालण्याजोगी’ यमकेही नोंदवली होती. टेनिसनच्या कडव्याचा विषय आहे सिद्ध न करता येणाऱ्या गोष्टीवरील श्रद्धा. तेथे ‘लव्ह’ पहिल्या ओळीत आणि ‘प्रूव्ह’ चौथ्या ओळीत आहे. प्रेम आणि प्रमाण डोळ्यांना जुळतात, कानाला जुळत नाहीत. टेनिसनने हे हेतुपुरस्सर केले असे म्हणण्यास आधार नाही. परिणाम मात्र ऐकू येतो, आणि समीक्षेने तो नोंदवणे योग्य ठरेल.

या दृश्य साम्याचे मूळही गमतीचे आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘लुफु’ असा होता. मध्ययुगीन हस्तलिखितांत ‘यू’, ‘एन्’, ‘एम्’ ही अक्षरे सारख्याच उभ्या रेघांची असत, आणि ‘यू’ व ‘व्ही’ वेगळे मानले जात नसत. रेघांची ही गर्दी टाळण्यासाठी लेखनिकांनी ‘यू’च्या जागी ‘ओ’ लिहिला, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे पुढील कवींना मिळालेली सवलत काही अंशी लेखनिकांच्या सोयीची देणगी होय.

हेतुपुरस्सर अपूर्ण ठेवलेले यमक ही याहून निराळी गोष्ट आहे. एमिली डिकिन्सनने ‘पर्ल’ला ‘अल्कोहोल’ जुळवले; १८६१ मध्ये ती कविता वृत्तपत्रात छापताना तेथे ‘व्हर्ल’ घालून यमक ‘दुरुस्त’ करण्यात आले. विल्फ्रेड ओवेनने १९१८ मधील ‘स्ट्रेंज मीटिंग’ या युद्धकवितेत ‘हॉल–हेल’, ‘ग्रोइन्ड–ग्रोन्ड’ अशा जोड्या योजल्या. व्यंजने तीच, स्वर तेवढा वेगळा. मराठी विद्यार्थ्याला हे समजावण्यास बाराखडीइतके सोपे साधन नाही. ‘लव्ह’, ‘लिव्ह’, ‘लीव्ह’ हे शब्द फळ्यावर देवनागरीत लिहिले की ‘ल’ आणि ‘व्ह’ स्थिर राहून केवळ मात्रा बदलताना दिसते, आणि प्रेम, जगणे व निघून जाणे एका रांगेत येतात. मराठी गझलेशी परिचित विद्यार्थ्याला उलट नियमही लगेच आठवेल : काफियात व्यंजन बदलले तरी चालते, पण त्यामागची अलामत, म्हणजे स्वर, बदलून चालत नाही. ओवेनने नेमका तोच स्वर मोडला, आणि मोडलेला तो स्वर त्याच्या कवितेत खंदकातील मृतांच्या मुखी आहे.