रंगीत चित्राखाली काय लिहावे?

चिंचपोकळीच्या एका शाळेतील विज्ञान प्रदर्शनात 'कॅसिओपिया ए' या अतिनवताऱ्याच्या अवशेषाचे सुरेख चित्र पाहिले. खाली लिहिले होते : 'स्फोट झालेल्या ताऱ्याचा रेडिओ दुर्बिणीने काढलेला फोटो'. "सर, तो खरंच असा निळा-तांबडा आहे का?" एका मुलीने विचारले. प्रश्न नेमका होता. रेडिओ लहरी डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांच्या तीव्रतेनुसार संगणकाने रंग भरलेला तो नकाशा असतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपले विज्ञानलेखनही बहुधा चित्र छापते आणि मोजमाप गाळते.

मोजमापातून काय हाती लागते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या 'एम ८१' दीर्घिकेत मार्च १९९३ मध्ये '१९९३ जे' हा अतिनवतारा दिसला. त्यानंतर पावणेनऊ वर्षांनी पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने त्याचे वेध घेतले. या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तरीही इतक्या दूरचा हा कोवळा अवशेष तिला केवळ बिंदूसारखा दिसतो. भिंतीवर लावावे असे चित्र त्यातून निघत नाही.

मग मिळाले काय? एक आलेख! चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात. अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन अधिक वारंवारतेच्या लहरी सोडतात आणि आपली ऊर्जा लवकर गमावतात. त्यामुळे तीव्रतेची उतरती रेषा एका ठिकाणाहून अधिकच खाली वळते. कमी वारंवारतांची मोजमापे जीएमआरटीची, अधिक वारंवारतांची अमेरिकेतील व्हीएलए दुर्बिणीची. ती जोडल्यावर हे वळण सुमारे ४ गिगाहर्ट्झला आढळले. स्फोटाचे वय ठाऊक असल्याने त्यावरून चुंबकीय क्षेत्र काढता आले : सुमारे ०.३३ गॉस. म्हणजे आपल्या वर्गातील होकायंत्राची सुई वळवणाऱ्या क्षेत्राच्या जवळपास! हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

चित्रे काढून टाका, असे म्हणणे नाही. मूल थांबते ते चित्रापाशीच. पण त्याखाली तीन गोष्टी हव्यात : वेध कधी घेतले, कोणत्या वारंवारतेला घेतले आणि रंग कशाचे दर्शक आहेत. शेजारी एक आलेखही लावावा. नाहीतर विद्यार्थी सौंदर्य पाहून पुढे जाईल, आणि ते कळले कसे, हा खरा प्रश्न विचारायचाच राहील.