संज्ञापनविद्या आणि कोल्हापूरचीं पत्रें

पुणें विद्यापीठांत वृत्तपत्रविद्येचा विभाग १९६४ सालीं निघाला, व फर्गसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्यें तो नांदला. पुढें त्याच्या नांवांत 'संज्ञापन' हा शब्द येऊन बसला. शब्द डौलदार खरा; परंतु तो उच्चारल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें कांहींच उभें राहत नाहीं. 'कळविणें' हें आमचें घरगुती क्रियापद. त्यांत कळविणारा, कळवावयाची गोष्ट आणि जिला कळवावयाचें ती व्यक्ति, तिन्ही आलीं. लासवेल या अमेरिकन पंडितानें १९४८ सालीं कोण, काय, कोणत्या मार्गानें, कोणास सांगतो व परिणाम काय होतो, असे जे पांच प्रश्न घालून दिले, ते या एका क्रियापदाचाच विस्तार होत.

नांवाचें असो. संपादक जन्मावा लागतो, तो वर्गांत घडत नाहीं, हा या विद्येवरील जुना आक्षेप. आणि तो घेणारे गृहस्थ बहुधा टिळक-आगरकरांकडे बोट दाखवितात. आमच्या मतें तेंच उदाहरण त्यांच्यावर उलटतें. 'केसरी' व 'मराठा' १८८१ सालीं निघालीं. त्यांनीं लवकरच कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध कांहीं पत्रांच्या आधारें मजकूर छापला. पत्रें बनावट ठरलीं. दोघांनीं माफी मागितली, तरीहि १८८२ सालीं चार महिन्यांची शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. आम्ही ही कथा शौर्याची म्हणून सांगत आलों. तशी ती आहेहि. पण पत्र कोणाच्या हातचें, तें आणून देणारा कोण, त्याचा लाभ कशांत, हे प्रश्न प्रतिभेचे नव्हेत, संवयीचे आहेत, आणि संवय वर्गांत लावतां येते. इतक्या बुद्धिमान पुरुषांसहि जी तपासणी पुरती साधली नाहीं, ती विशीच्या पोरास आपोआप साधेल असें समजणें धाडसाचें आहे.

आम्ही राहतों तें वारजें १९९७ सालीं महापालिकेच्या हद्दींत आलें. खडकवासल्यांतून मुठेंत किती पाणी सोडलें, हें आतां येथील घराघरांत मोबाइलवर कळतें. म्हणजे आंकडा कळतो. २५ जुलै २०२४ रोजीं पहांटे सिंहगड रस्त्याकडील एकतानगरींत पाणी शिरलें, तेव्हां आम्हांस वेळेवर सूचना मिळाली नाहीं अशी रहिवाशांची तक्रार होती. सूचना निघाली होती कीं नव्हती, हा वाद अधिकाऱ्यांनीं घालावा; संज्ञापनाच्या विद्यार्थ्यानें पाहावयाचें तें निराळेंच. क्यूसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारें २८ लिटर. हजारों क्यूसेक असा आंकडा वाचून नदीकांठच्या आजीबाईंनीं जिना चढावा कीं निजून राहावें?

या विषयाच्या परीक्षकांस आमची एक विनंती आहे. लासवेलवर टीप विचारावयाची ती खुशाल विचारावी. पण तिच्याबरोबर विसर्गाची एक सरकारी सूचना द्यावी, आणि ती त्या आजीबाईंस कळेल अशा तीन ओळींच्या मराठींत लिहावयास सांगावें.