सामायिक ई-ग्रंथसंग्रह : संग्रह की सामूहिक भाडेकरार ?

ग्रंथालयांनी परस्परांस साहाय्य करावे, ही कल्पना नवी नाही. संयुक्त सूची सिद्ध करणे, एका ग्रंथालयातील पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाच्या वाचकास उसने देणे, हे व्यवहार मुद्रित ग्रंथांच्या काळापासून चालत आलेले आहेत. या सहकार्यात एक गोष्ट गृहीत असे : जे पुस्तक उसने द्यावयाचे ते देणाऱ्याच्या मालकीचे असे. अलीकडे अनेक ग्रंथालयांनी एकत्र येऊन ई-ग्रंथांचा सामायिक संग्रह उभारावा, असा विचार विद्यापीठांतून आग्रहाने मांडला जातो. हे गृहीत नव्या व्यवस्थेत कितपत टिकते, याचा विचार मात्र त्यामानाने थोडाच झालेला आहे. तो करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मुद्रित ग्रंथ एकदा विकत घेतला म्हणजे तो किती वाचकांस द्यावा, किती वर्षे ठेवावा, हे ग्रंथपाल ठरवितो. ई-ग्रंथाच्या बाबतीत बहुधा विक्री होतच नाही. वापराचा परवाना मिळतो आणि त्याच्या अटी प्रकाशक ठरवितो. अमेरिकेत हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांस दिलेला ई-ग्रंथ २६ वेळा वाचकांच्या हाती गेला की परवाना संपेल, असा नियम केला. मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. नव्या ग्रंथाच्या पहिल्या आठ आठवड्यांत एका ग्रंथालयव्यवस्थेस, मग ती गावापुरती असो वा महानगराची, एकच प्रत मिळेल असे तिने ठरविले. मार्च २०२० मध्ये हा निर्बंध मागे घेण्यात आला. परंतु त्यामागील तर्क ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ग्रंथालये जितकी अधिक संख्येने एकत्र येतील तितकी प्रकाशकास विक्री घटण्याची धास्ती वाटते. म्हणजे ज्या एकत्र येण्यात ग्रंथालयांचे बळ आहे, तेच विक्रेत्याच्या दृष्टीने संकट ठरते. सामायिक संग्रहाचा प्रत्येक करार या ओढाताणीतून जन्मास येतो.

अशा संग्रहांची जी रूपे आजवर दिसली, त्यांत तीन प्रमुख आहेत. पहिले रूप संपूर्ण संच घेण्याचे. आपल्याकडील ‘एन-लिस्ट’ ही योजना या प्रकारची. २०१० मध्ये तिचा आरंभ झाला आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत हजारो महाविद्यालयांस अल्प वर्गणीत नियतकालिके व ई-ग्रंथ उपलब्ध झाले. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भग्रंथांची दोन कपाटेही भरत नव्हती, तेथील विद्यार्थ्यास केंब्रिज वा ऑक्सफर्डची प्रकाशने वाचता यावीत, ही कामगिरी लहान नव्हे. परंतु पुढे या योजनेखालील ई-ग्रंथ सुमारे दोन लाख आणि राष्ट्रीय अंकीय ग्रंथालयाच्या द्वारे आणखी सहा लाख, असे आकडे सांगितले जाऊ लागले तेव्हा संख्येस गुणवत्तेचे स्थान मिळू लागले. संच विक्रेत्याने बांधलेला असतो. त्यात कोणता ग्रंथ असावा हे सभासद महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी ठरविलेले नसते. मराठीचा वा महाराष्ट्राच्या इतिहासाचा अभ्यासक त्या आठ लाखांत आपल्या विषयाचे किती ग्रंथ आहेत असे विचारू लागला, तर एकूण आकडा त्याच्या उपयोगी पडत नाही. निवड हा संग्रहाचा प्राण आहे, आणि संचखरेदीत तोच हरवतो.

दुसरे रूप वाचकाच्या मागणीनुसार खरेदी करण्याचे. अमेरिकेतील ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील तीसहून अधिक विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ‘ऑर्बिस कॅस्केड’ या संघाने २०११ मध्ये असा प्रयोग केला. सर्व सभासदांनी निधी एकत्र केला. हजारो ई-ग्रंथांच्या नोंदी सूचीत घातल्या, पण ते ग्रंथ आरंभी विकत घेतले नाहीत. वाचकाने एखादा ग्रंथ उघडला की संघ अल्प मुदतीचे भाडे देई. अशी भाडी ठराविक संख्येस पोहोचली की तो ग्रंथ संपूर्ण संघासाठी, यादीतील किमतीच्या काही पट मूल्य देऊन, विकत घेतला जाई. निवडीचा अधिकार येथे खऱ्याखुऱ्या वाचकाकडे गेला. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पंचसूत्रीत ग्रंथ आणि वाचक यांचा जो संबंध सांगितला, त्याच्याशी ही पद्धती पुष्कळ अंशी जुळते.

तथापि या पद्धतीचे मर्मस्थान लवकरच उघडे पडले. २०१४ मध्ये अनेक प्रकाशकांनी अल्प मुदतीच्या भाड्याचे दर एकदम वाढविले, आणि या हिशेबावर आखलेली अंदाजपत्रके जगभरच्या ग्रंथालयांत कोलमडू लागली. भाडेकरूने काटकसर केली की घरमालक भाडे वाढवितो, असाच हा प्रकार होय. विक्रेत्याचा इतिहासही बोलका आहे. ज्या ‘ईबीएल’ या संस्थेच्या द्वारे ऑर्बिस कॅस्केडचा प्रयोग सुरू झाला, ती २०१३ मध्ये प्रोक्वेस्टने घेतली. प्रोक्वेस्ट २०२१ मध्ये क्लॅरिव्हेटकडे गेली. आणि क्लॅरिव्हेटने फेब्रुवारी २०२५ मध्ये असे जाहीर केले की, एकदाच मूल्य देऊन ई-ग्रंथ कायमचा घेण्याची सोय आपण बंद करणार. ग्रंथपालांच्या तीव्र विरोधामुळे तिला ही मुदत जून २०२६ अखेरपर्यंत वाढवावी लागली. पूर्वी घेतलेल्या ग्रंथांवरील हक्क यामुळे जात नाही, हे खरे. परंतु संग्रह ही वर्षानुवर्षे वाढत जाणारी वस्तू आहे. पुढील ग्रंथ कोणत्या रीतीने घ्यावयाचा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य गेले, तर मागील ग्रंथ हाती राहिले म्हणून संग्रह जिवंत राहत नाही.

तिसरे रूप कॅनडातील आँटेरिओ प्रांतात आढळते. तेथील विद्यापीठ-ग्रंथालयांच्या संघाने २००२ पासून ‘स्कॉलर्स पोर्टल’ ही व्यवस्था उभारली. संघाने विकत घेतलेली नियतकालिके आणि पुढे ई-ग्रंथही तिने टोरांटो विद्यापीठाच्या आश्रयाने स्वतःच्या यंत्रांवर उतरवून घेतले. प्रकाशकाशी करार करतानाच प्रत आपल्या ताब्यात देण्याची अट घालावयाची, असा तिचा रिवाज. सामायिक संग्रह या शब्दास अर्थ येतो तो येथे. विक्रेत्याचे संकेतस्थळ बंद पडले, संस्था दुसऱ्याने विकत घेतली, तरी ग्रंथ संघाजवळ राहतो. मराठीत आपण ‘ग्रंथसंग्रहालय’ हा शब्द रूढ केला, त्यातील संग्रह म्हणजे असे धारण करणेच होय.

यावर असा आक्षेप येईल की, स्वतःचे यंत्रालय चालविणे खर्चाचे आहे, त्यासाठी तंत्रज्ञ लागतात, आणि सर्वच प्रकाशक अशी अट मान्य करीत नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. आँटेरिओच्या संघास सधन विद्यापीठांचा आधार आहे; एखाद्या तालुक्यातील महाविद्यालयास एकट्याने हे साधणार नाही. परंतु एकट्यास जे साधत नाही ते साधावे म्हणूनच तर संघ असतो. भाडे स्वस्त मिळवून देणे एवढेच संघाचे काम मानले, तर तो ग्राहकांचा गट होईल. ग्रंथालयसंघ होणार नाही. शिवाय सर्वच ग्रंथ धारण केले पाहिजेत असे कोणी म्हणत नाही. झपाट्याने जुनी होणारी पाठ्यपुस्तके भाड्याने घेतली तरी चालतील. प्रश्न आहे तो, कोणते ग्रंथ पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकासाठी राखावयाचे, याचा विवेक करण्याचा.

आपल्यापुरता हा प्रश्न आज विशेष निकडीचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मान्य केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा विस्तार आहे. नियतकालिकांची सोय अशी राष्ट्रीय पातळीवर होत असताना ग्रंथांची, त्यातही भारतीय भाषांतील ग्रंथांची, जबाबदारी कोणी घ्यावयाची ? ती महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी एकत्रितपणे घेणे शक्य आहे, आणि त्यासाठी सामग्रीही हाताशी आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होतो. हरि नारायण आपटे, इतिहासाचार्य राजवाडे, डॉ. श्री. व्यं. केतकर यांचे लेखन कधीच मुक्त झालेले आहे. केतकरांचा ज्ञानकोश संकेतस्थळावर वाचावयास मिळतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने विनामूल्य खुली केली आहेत. या ग्रंथांसाठी कोणत्याही विक्रेत्याकडे परवाना मागावा लागत नाही. उणीव आहे ती वेगळीच : हे सारे विखुरलेले आहे, त्याची एक विश्वसनीय सूची नाही, आणि त्याच्या प्रती दीर्घकाळ सांभाळण्याचे उत्तरदायित्व सामूहिकपणे कोणी पत्करलेले नाही. आरंभ येथून केला तर धारणेचा व सूचीकरणाचा अनुभव अल्प खर्चात मिळेल, आणि मग हयात लेखकांच्या मराठी प्रकाशकांशी न्याय्य मूल्य देऊन, प्रत ताब्यात घेण्याच्या अटीवर, करार करता येतील.

तात्पर्य, सामायिक ई-ग्रंथसंग्रहाची परीक्षा त्यातील ग्रंथसंख्येवरून करू नये. ग्रंथ कोणी निवडले, करार संपल्यावर ते कोणाजवळ राहतील, आणि संघातील सर्वांत लहान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास आपल्या भाषेतील व आपल्या विषयाचा ग्रंथ त्यात सापडतो काय, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. पैकी मधला प्रश्न निर्णायक आहे. निवड चुकली तर ती पुढील वर्षी सुधारता येते, वाचकांची गैरसोय प्रयत्नाने दूर करता येते. परंतु जे कधी आपल्या हाती आलेच नाही, त्याचे जतन कोणत्याही पिढीस करता येत नाही. पुढील कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालय-समित्यांनी एवढा एक प्रश्न विक्रेत्यास लेखी विचारावा आणि त्याचे उत्तरही लेखीच घ्यावे.