परवाना : एक शब्द, दोन अर्थ

परवान्यांमुळे उद्योग खुंटतो, असे सरसकट प्रतिपादन करणारे टीकाकार शासनाची अनुमती आणि पेटंटधारकाची अनुज्ञा यांत गल्लत करतात. या दृष्टीने ट्रान्झिस्टरचा इतिहास उद्बोधक आहे. १९५२ साली बेल समूहाच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकने २५,००० डॉलर आगाऊ घेऊन ही विद्या परदेशी कंपन्यांसही खुली केली. टोकियो त्सुशिन कोग्यो (पुढील काळातील सोनी) हिने १९५३ मध्ये करार केला. तथापि त्यासाठी लागणाऱ्या परकीय चलनाची अनुमती जपानी मंत्रालयाने १९५४ पर्यंत रोखून धरली. याउलट अमेरिकेत, शासनाच्याच दाव्यातील १९५६ च्या संमती-हुकूमनाम्याने, बेलला तोवरची पेटंटे बहुतेक देशी उद्योगांस विनामूल्य द्यावी लागली. भारतातील १९५१ च्या उद्योग अधिनियमावरील टीकेत शासनाची ही दुसरी भूमिका क्वचितच लक्षात घेतलेली दिसते.