पक्ष्याचें छायाचित्र आणि यंत्राचा कुंचला

छायाचित्रास चित्राचा वेष चढविण्याची हौस नवी नाहीं. तिला अवजार मात्र नवें मिळालें आहे. पूर्वीं त्यासाठीं काळोख्या खोलींत रात्री घालवाव्या लागत. आतां खिशांतल्या यंत्रावर बोट ठेवलें कीं पक्ष्याचें छायाचित्र क्षणांत जलरंगी, तैलरंगी किंवा कोळशानें रेखाटल्यासारखें होतें. ज्यास ‘फिल्टर’ म्हणतात तो हाच प्रकार. बीड जिल्ह्यांतील नेकनूरहून पाटोदा तालुक्यांतील नायगांवचें मयूर अभयारण्य फार दूर नाहीं. १९९४ मध्यें घोषित झालेल्या या रानांतून सकाळीं टिपून आणलेला मोर संध्याकाळपर्यंत असा ‘चितारला’ जातो, आणि पाहणारे ‘वाहवा’ म्हणून मोकळे होतात. ही वाहवा कितपत रास्त आहे, याचा विचार रसिकांनीं केला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

या प्रकारावर पहिला आक्षेप घेतला जातो तो खोटेपणाचा. निसर्गाच्या नोंदीपुरता तो बिनतोड आहे. छायाचित्रणाच्या तीन प्रमुख आंतरराष्ट्रीय संस्थांनीं २०१५ पासून निसर्गचित्राची एकच व्याख्या स्वीकारली असून, चित्रांत नसलेली वस्तु घालणें, असलेली पुसणें किंवा हलविणें तींत निषिद्ध मानलें आहे. परंतु जें चित्र नोंद म्हणून पुढें येतच नाहीं, त्यास हा कायदा लावणें अन्यायाचें होईल. हेन्री पीच रॉबिन्सन यानें १८५८ मध्यें पांच निगेटिव्ह जोडून एकच चित्र सिद्ध केलें. आज तें छायाचित्रणाच्या इतिहासांत मानानें नांदत आहे. तेव्हां ‘हें खरें आहे काय?’ हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतों. आमचा प्रश्न निराळा आहे: चित्र करणाऱ्यानें पक्षी पाहिला आहे काय?

१६१२ सालीं जहांगीराच्या दरबारीं गोव्याहून एक टर्की पक्षी आला. बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत प्राण्यांचीं वर्णनें केलीं, पण त्यांचीं चित्रें काढविलीं नाहींत. म्हणून जहांगीरानें तें काम आपल्या चिताऱ्यांस सांगितलें. उस्ताद मन्सूराच्या हातचा तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. मागची जमीन मोकळी. सारा जीव मानेच्या सुरकुत्यांत आणि पिसांच्या ओळींत. काय सोडावयाचें हें ज्यास कळलें, त्याचें हें काम होय.

याहून जवळचा दाखला पैठणचा. पैठणीच्या पदरावरील बांगडी मोर रानांतल्या मोरासारखा मुळींच दिसत नाहीं. रंगारंगाचा धागा वेगळा खेळवून, उभ्या-आडव्या धाग्यांत बसेल तेवढाच मोर विणकरानें ठेवला आहे. मागाचें बंधन त्यानें पत्करलें, आणि त्या बंधनांत राहून मान, तुरा व पिसारा यांची निवड केली. म्हणून तो मोर खोटा वाटत नाहीं.

फिल्टरपाशीं ही निवड नाहीं. एका चित्राची शैली दुसऱ्या चित्रावर संगणकाकडून उतरविण्याची जी रीत जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनीं २०१५ मध्यें दाखविली, ती बुद्धीची मोठी करामत खरी. पण व्हान गॉगचा फराटा मोराच्या डोळ्यावर आणि मागच्या बाभळीच्या कांट्यावर ती सारख्याच निष्ठेनें ओढते.

मोराच्या बाबतींत तर हानि दुप्पट होते. त्याचा निळा हा रंगद्रव्याचा निळा नव्हेच. पीस पाण्यांत भिजलें असतां त्याचे रंग लोपतात, हें रॉबर्ट हूकनें १६६५ मध्यें नोंदविलें होतें. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिनच्या काड्यांची जाळी असून, काड्यांमधील अंतराप्रमाणें प्रकाशाचे निरनिराळे रंग परततात, हें २००३ मध्यें चिनी शास्त्रज्ञांनीं दाखविलें. मोर मान वळवितो तेव्हां रंगहि त्याबरोबर पालटतो, तो यामुळें. फिल्टर त्या जागीं निळ्याचा एक थर फांसतो. आकार मोराचा राहतो, झळाळी जाते.

तरीहि हें साधन टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. लांडोरीचें चित्र घ्या. ती आणि भोंवतालचें वाळलें गवत यांचे रंग इतके मिळते असतात कीं साध्या छायाचित्रांत ती हरवते. येथें कोणी गवताचा रंग उतरविला, मानेवरची हिरवी झांक तेवढी राखली, आणि डोळ्यावर यंत्राचा हात फिरूं दिला नाहीं, तर लांडोर लपते कशी आणि दिसते कशी, हीं दोन्ही कळतील. तेथें निवड मनुष्य करीत आहे, आणि निवड आली कीं कलेची चर्चा करतां येते.

म्हणून अशा चित्रापुढें रसिकांनीं एवढेंच विचारावें: मूळ छायाचित्रांत जें दिसत नव्हतें, तें या संस्कारानें दिसूं लागलें काय? उत्तर नकाराचें असल्यास मूळ छायाचित्रच अधिक चांगलें. छायाचित्रकारांस आमची सूचना अशी कीं, संस्कार केलेल्या चित्राखालीं तसें स्पष्ट लिहावें आणि मूळ प्रत जपून ठेवावी. शहरांतील पुष्कळ मुलें पक्षी प्रथम चित्रांतच ओळखतात. त्यांच्या डोळ्यांपुढें आपण कोणता मोर ठेवतों, याचा विचार ‘वाहवा’ घेण्यापूर्वीं व्हावयास हवा.